‘व्हीएफ’ म्हणजे काय हो, डॉक्टर?



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका संध्याकाळी एक निवृत्त माध्यमिक शिक्षक रक्तदाब तपासून घेण्यासाठी दवाखान्यात आले. वय वर्षे शहात्तर. रत्नागिरीतील दोन पिढ्यांना त्यांनी मराठी व्याकरण शिकवले. माझे थोरले बंधू त्यांचेच विद्यार्थी, म्हणून मीही त्यांना ‘सर’ म्हणतो. दंडाला पट्टा बांधत असताना त्यांनी दाराकडे एकवार पाहिले आणि बाहेर बसलेल्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारले, “डॉक्टर, ‘व्हीएफ’ म्हणजे काय हो?”

माझा हात जागीच थांबला. आम्हा डॉक्टरांच्या भाषेत ‘व्हीएफ’ म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांनी आकुंचन सोडून नुसते थरथरू लागणे. त्या अवस्थेत रक्ताभिसरण थांबते आणि काही मिनिटांत विजेचा झटका देऊन ठोके पूर्ववत झाले नाहीत, तर माणूस हाती लागत नाही. “कुणी सांगितलं तुम्हाला? ईसीजी कुठे काढलात?” मी एका दमात विचारले.

सर गोंधळले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पुठ्ठ्याची एक लहानशी चौकट काढून टेबलावर ठेवली. मध्ये पारदर्शक खिडकी आणि तिच्या आत पंचम जॉर्जच्या काळातील पाव आण्याचे नाणे. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात बॉलपेनने ती दोन इंग्रजी अक्षरे लिहिलेली. मलाही त्यांचा अर्थ ठाऊक नव्हता. नाणी जमवणाऱ्या एका मित्राला मी तिथूनच फोन लावला. “व्हेरी फाइन,” तो म्हणाला, “म्हणजे वापरात झिजलेलं, पण ठशाचे मुख्य तपशील स्पष्ट दिसणारं नाणं.”

आम्ही दोघेही मोकळेपणाने हसलो. मात्र सरांचे हसू लवकर मावळले. “दोन महिने हे नाणं खिशात घेऊन फिरतोय,” ते म्हणाले, “पण कुणाला विचारायचं धाडस होईना.”

त्यांची हकिगत आपणांपैकी अनेकांना ओळखीची वाटेल. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीचे निधन झाले. मुलगा पुण्यात. घरातली जुनी ट्रंक आवरताना वडिलांचा एक पत्र्याचा डबा हाती लागला. त्यात चांदीचा रुपया, काही चवल्या-पावल्या, ढब्बू पैसे, भोकाचा पैसा आणि एका लिफाफ्यात जुनी टपाल तिकिटे होती. कितीतरी महिन्यांनी सरांना सकाळी उठण्यासाठी एक निमित्त मिळाले. शहरातल्याच एका संग्राहकाच्या घरी महिन्यातून एकदा रविवारी काही मंडळी जमतात, असे त्यांना कळले आणि ते डबा घेऊन तिथे गेले.

मंडळी सज्जन होती. चहा झाला, डबा उघडला गेला. पण बोलणे सुरू झाले ते निराळ्याच भाषेत. ‘एफडीसी’, ‘एमएनएच’, ‘यूएनसी’, ‘ओव्हरप्रिंट’, ‘मिंट मार्क’. सरांचा चांदीचा रुपया भिंगाखाली धरून एक जण म्हणाला, “जी. फार तर व्हीजी.” सरांनी मनातल्या मनात अर्थ लावला : ‘गुड’, फार तर ‘व्हेरी गुड’. घरी येऊन त्यांनी मुलाला फोनवर आनंदाने सांगितले. पुढच्या महिन्यात त्यांनी तेच अभिमानाने एका तरुण सभासदाला ऐकवले, तेव्हा दोघे-तिघे खुदकन हसले. कारण नाण्यांच्या प्रतवारीत ‘गुड’ ही तळाजवळची पायरी आहे. ‘गुड’ म्हणजे पार झिजलेले, ‘व्हेरी गुड’ म्हणजे त्याहून किंचित बरे. त्यांच्या वर ‘फाइन’, मग ‘व्हेरी फाइन’, मग ‘एक्स्ट्रीमली फाइन’, आणि सर्वांत वर ‘यूएनसी’, म्हणजे चलनात कधीच न फिरलेले नाणे.

त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता, हे सरही मान्य करतात. पण आयुष्यभर इतरांना शब्दांचे अर्थ सांगितलेल्या माणसाला शहात्तराव्या वर्षी एका शब्दाचा अर्थ कळू नये, याची त्यांना लाज वाटली. पुढचे दोन रविवार ते गेले नाहीत. विचारणाऱ्यांना त्यांनी “गुडघा दुखतो” असे सांगितले.

न कळणे हा दोष नव्हे

अशा प्रसंगी ज्येष्ठ मंडळी “आता आपलं डोकं चालत नाही” असा निष्कर्ष काढून मोकळी होतात. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. यात शरीराचा वाटा किती आणि बोलणाऱ्यांचा किती, हे पाहू.

वाढत्या वयात आधी उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. स, फ, थ यांसारख्या व्यंजनांचा बराचसा अंश याच पट्टीत असतो. म्हणून ज्येष्ठांना आवाज ऐकू येतो, पण शब्द स्पष्ट कळत नाही. चार माणसे एकदम बोलत असली, पंखा घरघरत असला, की अडचण आणखी वाढते. एरवी नेहमीच्या वाक्यातले एखादे अक्षर निसटले तरी आपण ते संदर्भाने भरून काढतो. संक्षेपाला असा आधार नसतो. ‘एमएनएच’मधले एक अक्षर निसटले की उरलेल्यावरून काहीच अंदाज बांधता येत नाही. त्यातच इंग्रजीतील बी, डी, पी, टी, व्ही ही अक्षरे कानाला जवळजवळ सारखीच लागतात. सरांचे कान तपासले तेव्हा दोन्ही बाजूंना याच प्रकारची सौम्य उणीव आढळली. बैठकीत जे त्यांना अज्ञान वाटले, त्यातला काही भाग केवळ बहिरेपणा होता.

दुसरी गोष्ट स्मरणाची. ज्यांचा एकमेकांशी अर्थाने संबंध नाही अशा दोन गोष्टींची जोडी लक्षात ठेवणे उतारवयात अवघड जाते. उलट शब्दसंपत्ती आणि अर्थाचे आकलन दीर्घकाळ उत्तम टिकते. म्हणून नुसती अक्षरे पाठ करू नयेत. त्यांच्यामागची गोष्ट समजून घ्यावी, म्हणजे ती मनात राहतात.

उदाहरण ‘एफडीसी’चे घेऊ. पूर्ण रूप ‘फर्स्ट डे कव्हर’, मराठीत प्रथम दिवस आवरण. नवे तिकीट निघते त्याच दिवशी ते खास लिफाफ्यावर चिकटवून त्यावर त्या दिवसाचा शिक्का मारतात. १८ एप्रिल १९५८ रोजी महर्षी धोंडो केशव कर्वे यांना शंभर वर्षे पूर्ण झाली आणि त्या दिवशी टपाल खात्याने त्यांचे १५ नव्या पैशांचे तिकीट काढले. हयात असताना भारतीय तिकिटावर झळकलेले ते पहिले भारतीय. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवलीत जन्मलेल्या शंभर वर्षांच्या त्या वृद्धाचे तिकीट आणि त्यावर त्याच तारखेचा शिक्का, असे चित्र एकदा डोळ्यांसमोर आणले, की ‘एफडीसी’ पाठ करावे लागत नाही. टिळक आळीत जन्मलेल्या लोकमान्यांचे जन्मशताब्दीचे दोन आण्यांचे तिकीट २३ जुलै १९५६चे. त्याचा लिफाफा कुणाच्या संग्रही असेल तर तोही ‘एफडीसी’च.

मग माझे अक्षर समोर आले

त्या दिवशी सरांचा रक्तदाब १६८/९६ भरला. नेहमी तो आटोक्यात असतो. घोटे पाहिले तर सुजलेले, बोटाने दाबल्यावर खळगा पडत होता. “घेत असलेल्या सगळ्या गोळ्या घेऊन या,” असे मी सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी टेबलावर रिकामी केली. रक्तदाबाच्या गोळ्या बरोबर होत्या. त्यांच्या जोडीला गुडघेदुखीवरच्या वेदनाशामक गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी होती.

“ह्या केव्हा घेता, सर?”

“रोज दोन. सकाळ-संध्याकाळ, न चुकता. पाच आठवडे झाले. तुम्हीच ‘एसओएस’ लिहिलंय ना? मी म्हटलं, प्रकरण गंभीर आहे.”

त्यांनी चिठ्ठी पुढे केली. अक्षर माझेच होते आणि सुवाच्य होते. सरांनी शाळेत मुलांना बुडत्या जहाजाचा संदेश शिकवला होता, तोच अर्थ त्यांनी लावला : संकट आहे, ताबडतोब धावा. आमच्या औषधशास्त्रात ‘एसओएस’ हा एका लॅटिन वाक्प्रचाराचा संक्षेप आहे आणि त्याचा अर्थ ‘गरज भासल्यासच’. जवळजवळ उलट अर्थ म्हणा ना! फार दुखले तरच एखादी घ्यावी अशी गोळी ते पाच आठवडे नेमाने घेत होते. पट्टी संपली की तीच चिठ्ठी दाखवून नवी आणत होते.

या जातीच्या वेदनाशामकांमुळे शरीरात मीठ आणि पाणी साठते, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा घटतो. जठराला व्रण होऊन रक्तस्राव होण्याचा धोका असतो तो वेगळाच. रक्तदाबाच्या काही औषधांबरोबर त्या घेतल्या तर मूत्रपिंडावरचा ताण अधिक वाढतो. सरांचे क्रिएटिनिन १.१ असायचे, ते १.६ झाले होते. गोळी त्वरित थांबवली. पुढच्या काही आठवड्यांत सूज उतरली, रक्तदाब खाली आला, क्रिएटिनिनही १.२वर परतले. वेळीच लक्षात आले म्हणून निभावले, एवढेच म्हणतो.

२०१६ साली तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने डॉक्टरांच्या आचारसंहितेत दुरुस्ती करून औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत असे सांगितले. मी तो नियम पाळत होतो. परंतु अक्षर वाचता येणे आणि अर्थ कळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या बैठकीत सरांसमोर ‘व्हीजी’ म्हणणारा गृहस्थ आणि चिठ्ठीवर ‘एसओएस’ लिहिणारा मी, दोघांनी एकच चूक केली. आपल्याला सवयीचे झालेले अक्षर समोरच्यालाही कळते, असे आम्ही गृहीत धरले. त्याच्या चुकीने एका एकट्या माणसाची सोबत गेली, माझ्या चुकीने त्याचे मूत्रपिंड धोक्यात आले.

आणि सरांनी दोन्हीकडे एकच केले : विचारले नाही.

घरी जपून ठेवावा असा छोटा कोश

आपल्या चिठ्ठीवरची अक्षरे आपणांस ठाऊक असावीत म्हणून त्यांचे अर्थ देतो. ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘बीडी’ म्हणजे दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा. निवृत्तांना टीडीएस म्हटले की बँकेत कापला जाणारा करच आठवतो. तो हा नव्हे. ‘एचएस’ म्हणजे झोपताना. ‘एसी’ म्हणजे जेवणापूर्वी, ‘पीसी’ म्हणजे जेवणानंतर. ‘स्टॅट’ म्हणजे आत्ता, लगेच. ‘एसओएस’ म्हणजे गरज भासल्यासच, आणि हे लिहिले असेल तेव्हा “दिवसात जास्तीत जास्त किती?” हे विचारल्याशिवाय उठू नये. ‘१-०-१’ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कागदावर मात्र ‘ओडी’चा अर्थ उजवा डोळा असा होतो, हे ध्यानात असू द्या.

आठवड्यातून एकदाच घ्यायच्या औषधांबाबत विशेष दक्षता हवी. संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले गेले तर रक्तपेशींची निर्मिती खालावून जिवावर बेतू शकते. अशा गोळीच्या पाकिटावर वाराचे नाव मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. इन्सुलिनच्या बाबतीत ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहून मागा. नुसते ‘यू’ लिहिले तर घाईत ते शून्य वाटते आणि दहाचे शंभर होतात. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ साली ‘वापरू नयेत’ अशा संक्षेपांची यादी ठरवली, तिच्यात हा ‘यू’ आहे.

तपासणी अहवालांतही नाण्यांच्या ‘गुड’सारखे फसवे शब्द असतात. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे चांगले असे नव्हे. ज्याचा शोध घेतला ते सापडले, एवढाच त्याचा अर्थ. ‘निगेटिव्ह’ म्हणजे ते सापडले नाही. ‘एनएडी’ म्हणजे काही दोष आढळला नाही, ‘डब्ल्यूएनएल’ म्हणजे सामान्य मर्यादेत. आणि ‘एफडीसी’ इथेही आहे! औषधशास्त्रात त्याचा अर्थ एकाच गोळीत ठरावीक प्रमाणात दोन किंवा अधिक औषधे. सर्दीच्या अनेक गोळ्या अशा असतात आणि त्यांपैकी कित्येकांत पॅरासिटामॉल आधीच असते. वर तापाची वेगळी गोळी घेतली तर मात्रा दुप्पट होते. पाकिटावरची घटकांची यादी वाचा, बारीक दिसत असेल तर नातवाकडून वाचून घ्या.

आता संग्राहकांची अक्षरे. ‘यूएनसी’ आणि ‘व्हीएफ’ वर आलेच. ‘एमएनएच’ म्हणजे न वापरलेले, मागचा डिंक शाबूत असलेले आणि वहीत लावण्यासाठी कधीही कागदी बिजागरी न चिकटवलेले तिकीट. ‘एमएस’ म्हणजे मिनिएचर शीट, तिकिटांचा छोटा सजवलेला कागद. डॉक्टरला मात्र ‘एमएस’ म्हटले की हृदयाची आकसलेली झडप आठवते. ‘कॅन्सल्ड’ म्हणजे रद्दबातल नव्हे, तर टपालाचा शिक्का बसलेले. ‘मिंट मार्क’ म्हणजे टांकसाळीची खूण. सध्याच्या नाण्यांवर सालाखाली भिंगाने पाहा : बारीक चौकट असेल तर नाणे मुंबईचे, चांदणी असेल तर हैदराबादचे, गोल ठिपका असेल तर नोएडाचे, काहीच नसेल तर कोलकात्याचे. नातवंडांसोबत घालवण्याजोगी ही एक संपूर्ण दुपार आहे.

विचारावे कसे, सांगावे कसे

ही भाषा निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. संग्राहकाला दोन अक्षरांत नाण्याची अवस्था सांगता येते आणि त्या दोन अक्षरांवर किंमत ठरते. डॉक्टरलाही घाईच्या वेळी ती अक्षरे हवीच असतात. पण ती जाणकारांनी आपसात वापरावीत. नवा माणूस समोर असेल तेव्हा पहिल्यांदा पूर्ण शब्द उच्चारावा, एवढाच शिष्टाचार अपेक्षित आहे.

ज्येष्ठांनो, आपण एक वही करा. एका बाजूला संक्षेप, दुसऱ्या बाजूला अर्थ, आणि तो कुणी सांगितला त्याचे नाव. चारचौघांत विचारणे जड वाटत असेल तर एकाच माणसाला गाठून, शांत जागी, त्याच्या समोरासमोर बसून विचारा. “याचा पूर्ण शब्द लिहून देता का?” हे वाक्य संग्राहकाला चालते, डॉक्टरला चालते आणि बँकेतही चालते. दवाखान्यातून उठण्यापूर्वी चिठ्ठी आपल्या शब्दांत डॉक्टरला वाचून दाखवा. चूक असेल तर तिथल्या तिथे सुधारेल. मात्र शंका आली म्हणून रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी आपणहून बंद करू नका. आधी फोन करा.

न विचारण्याची किंमत छंदातही पैशांनी मोजावी लागू शकते. जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी नोंदणी शुल्क किंवा कर भरा, असे सांगून फसवणारे बरेच आहेत. रिझर्व्ह बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरून असे पैसे उकळले जात असल्याचा इशारा बँकेने स्वतः ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. आपण अशा व्यवहारात पडत नाही आणि शुल्कही मागत नाही, असे बँकेने तेव्हा स्पष्ट केले. ज्याला प्रतवारीची अक्षरे कळत नाहीत आणि विचारायला चारचौघे नाहीत, तो अशा जाळ्यात सहज सापडतो. पैसे गेलेच तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे.

आणखी एक छोटी सूचना. जुने नाणे पितळी भांड्यासारखे चिंचेने किंवा आमसुलाने घासून लख्ख करू नका. वरचा नैसर्गिक थर गेला की संग्राहकाच्या दृष्टीने त्याचे मोल घटते. आपल्या दमट हवेत तिकिटांचा डिंक सुटून ती एकमेकांना चिकटतात, बुरशीही धरतात. म्हणून ती कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. बुरशी धरलेली जुनी पाकिटे झटकताना नाकातोंडावर मास्क बांधा, विशेषतः दमा असेल तर.

काळजी घेणाऱ्या मुला-सुनांना एक विनंती. वडील किंवा सासूबाई नव्या मंडळात जायच्या थांबल्या तर “वय झालं, कंटाळल्या असतील” असे समजू नका. काय घडले ते विचारा. ऐकू येते का, दिसते का, तिथले बोलणे कळते का, की कुणी हसले, याची चौकशी करा. त्यांची औषधांची पिशवीही अधूनमधून टेबलावर रिकामी करायला सांगा. जो माणूस एका ठिकाणी विचारायला लाजतो, तो बहुधा दुसऱ्या ठिकाणीही गप्प राहतो.

संग्रहाच्या छंदाने स्मृतिभ्रंश टळतो, असे आश्वासन मी देणार नाही. पण जोडीदार गेल्यावर घराबाहेर पडायला कारण मिळणे, बोटांना आणि डोळ्यांना काम मिळणे, वाट पाहणारी चार माणसे असणे, हे काही थोडे नव्हे. पुण्याचे दिनकर केळकर चष्म्यांच्या व्यवसायातले गृहस्थ. त्यांचा मुलगा राजा अकाली गेला. दिवे, अडकित्ते, दौती अशा घरगुती वस्तूंचा त्यांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह आज त्या मुलाच्या नावाने ओळखला जातो. १९७५ साली त्यांनी तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. दुःखाला असा हाताशी धरण्याजोगा उद्योग मिळाला, तर तो दोन अक्षरांपायी हातचा जाऊ नये.

सर पुन्हा बैठकीला जाऊ लागले आहेत. माझ्या मित्राने त्यांना शेजारी बसवून घेतले आणि एका कागदावर वीस शब्द मोठ्या अक्षरांत लिहून दिले. गेल्या खेपेस त्यांनी आपला डबा पुन्हा उघडला. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली, असे सांगत ते एकेक नाणे मांडू लागले. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले तेव्हा ते आठ वर्षांचे होते. ही नावे त्यांनी बाजारात ऐकलेली, वापरलेली. ‘व्हीएफ’ आणि ‘यूएनसी’ तोंडपाठ असलेल्या एका तरुणाने थोडे चाचरत विचारले, “सर, ढब्बू म्हणजे काय हो?”

सरांनी ते सविस्तर समजावून सांगितले. घरी येताना वाटेत दवाखान्यात डोकावून त्यांनी मलाही सांगितले.

माझ्या चिठ्ठ्यांवर आता ‘एसओएस’ नसते. ‘फार दुखले तरच एक, दिवसात एकाहून जास्त नाही, सलग तीन दिवसांपेक्षा अधिक लागल्यास मला भेटा’ असे मराठीत लिहितो. प्रत्येक रुग्णामागे अर्धा मिनिट अधिक जातो. आपल्या डॉक्टरांनी असे लिहिले नसेल, तर पुढच्या खेपेस त्यांच्याकडे तो अर्धा मिनिट मागून घ्या.